न्यू जर्सीचं रिअल इस्टेट लायसन्स टेक्सासमध्ये चालतं का?

मेघना_एडिसन
नमस्कार मंडळी, आमचं डॅलसकडे शिफ्ट व्हायचं जवळजवळ ठरलंय. नवऱ्याचं ऑफिस प्लेनोला हलतंय, मुलांची शाळा संपली की निघायचं. माझं न्यू जर्सीचं सेल्सपर्सन लायसन्स आहे, एडिसन, ईस्ट ब्रन्सविक, साऊथ ब्रन्सविक या पट्ट्यात काम करते आणि बरं चाललंय. आता प्रश्न असा की हे लायसन्स टेक्सासला ट्रान्सफर होतं का? गूगल केलं तर एक जण म्हणतो होतं, दुसरा म्हणतो पहिल्यापासून सगळं करा. ऑफिसातली एक बाई सांगत होती की तिच्या भावजयीने नुसता फॉर्म भरला आणि झालं, पण ती जॉर्जियाला गेली होती. इथे कोणी केलंय का? ७५ तासांचा कोर्स, परीक्षा सगळं झालंय हो एकदा, परत तेच म्हटलं की जीवावर येतं. शिवाय इथली दोन-तीन डील अर्धवट आहेत, त्यांचं काय करायचं तेही सांगा प्लीज.

टेक्सासकर
नाही होत ट्रान्सफर. टेक्सासचा कुठल्याच राज्याशी तसा करार नाही, त्यामुळे कोणीही कुठूनही आलं तरी अर्ज नव्यानेच. मी प्लेनो-फ्रिस्को भागात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

इथलं कमिशन म्हणजे टेक्सास रिअल इस्टेट कमिशन, सगळे ट्रेक म्हणतात. सेल्स एजंटसाठी त्यांना १८० तास लागतात, तीस-तीस तासांचे सहा कोर्स. प्रिन्सिपल्स एक आणि दोन, लॉ ऑफ एजन्सी, लॉ ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स, प्रॉम्युल्गेटेड कॉन्ट्रॅक्ट फॉर्म्स आणि फायनान्स. तुमचे ७५ तास आपोआप धरत नाहीत. कागद पाठवून तपासून घेता येतात, क्रेडिट मिळालं तर मिळालं, पण फॉर्म्सचा कोर्स टेक्सासचाच करावा लागेल हे धरून चाला. आणि तो मन लावून करा, बाकीचे पाच एकवेळ रेटून नेले तरी चालतील. इथे एजंटने स्वतःच्या मनाने करार लिहायचाच नाही, कमिशनचे छापील फॉर्म असतात त्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या. कुठली ओळ कुठे आहे ते झोपेत सांगता आलं पाहिजे.

परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर, दोन भाग. नॅशनल ८५ प्रश्न, स्टेट ४०. यात तुमच्या फायद्याचं एक आहे. दुसऱ्या राज्यात तुमचं लायसन्स अ‍ॅक्टिव्ह असेल आणि त्या राज्याची परीक्षा आरेलोच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या कमिशनांच्या संघटनेच्या, मान्यतेतली असेल तर नॅशनल भाग माफ होतो, नुसता स्टेटचा द्यायचा. न्यू जर्सी त्यात धरतात का ते अर्ज करायच्या आधी ट्रेकला ईमेल करून लेखी घ्या, फोनवर विचारू नका. आणि अ‍ॅक्टिव्ह हे विसरू नका. निघायच्या घाईत लोक तिकडच्या ब्रोकरला, म्हणजे ज्याच्या हाताखाली एजंट काम करतो त्याला, रामराम ठोकतात, लायसन्स परत करून मोकळे होतात आणि मग इथे पूर्ण परीक्षा देत बसतात. म्हणून आधी टेक्सासचा अर्ज आणि परीक्षा, मग न्यू जर्सीचं काय करायचं ते ठरवा. उलट करू नका.

अर्ज भरला की वर्षभरात सगळं पुरं करायचं. तीनदा नापास झालं की जादा तास करून मगच परत बसता येतं. फिंगरप्रिंट नव्याने द्यायचे, ग्रीन कार्डला दिले होते किंवा शाळेत व्हॉलंटियर म्हणून दिले होते ते चालत नाहीत. पास झालात की जे लायसन्स मिळतं ते इनॅक्टिव्ह असतं, ब्रोकरने स्पॉन्सर केल्यावरच जिवंत होतं, तोपर्यंत मैत्रिणीला सहज म्हणूनसुद्धा घर दाखवायला जायचं नाही.

आणि कोर्स विकणारे जे शेवटी सांगतात ते मी आत्ताच सांगतो, पहिल्या दोन वर्षांत आणखी ९० तास करावे लागतात. म्हणजे एकूण २७०.

शंकासुर
२७० तास!! अहो आमच्याकडे पुण्यात सोसायटीचा वॉचमन दोन फ्लॅट विकून देतो आणि दोन्हीकडून एकेक टक्का घेतो, त्याला कोणी विचारत नाही किती तास बसलास म्हणून. अमेरिकेत सगळ्यालाच कोर्स.

कोथरूडकर
शंकासुर, ते दिवस गेले हो, निदान कागदावर तरी. २०१६ चा रेरा कायदा आल्यापासून रेराच्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायचा तर एजंटला कलम ९ खाली रजिस्ट्रेशन लागतं. महाराष्ट्रात एकट्या माणसाला फी १०,००० रुपये, पाच वर्षं चालतं. २०२३ पासून महारेराने ट्रेनिंग आणि परीक्षासुद्धा सक्तीची केलीय, परीक्षा आयआयबीएफ ही बँकवाल्यांच्या परीक्षा घेणारी संस्था घेते. तीस-तीस वर्षं धंद्यात असलेले काका लोक प्रश्नसंच घेऊन पाठ करत बसले होते आमच्या ऑफिसात, बघण्यासारखं होतं.

आणि मेघनाताईंचा प्रश्न आमच्याकडेही आहे बरं का. रजिस्ट्रेशन राज्यापुरतं. हल्ली पुण्या-मुंबईचे लोक नॉर्थ गोव्यात सेकंड होम घेतात, इथे बसून ते विकायचे तर गोवा रेराचं रजिस्ट्रेशन वेगळं काढायला लागतं, महारेराचा नंबर तिकडे चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गोव्याच्या व्हिलांचे फोटो फिरवणाऱ्यातले किती जण काढतात तो भाग वेगळा. तुमच्या वॉचमनचं म्हणाल तर तो जुन्या सोसायटीतला रीसेल करतो, तिथे रेराचा फारसा संबंध येत नाही, म्हणून सुखी आहे.

मेघना_एडिसन
@टेक्सासकर बाप रे, एवढं सगळं! पण मनापासून धन्यवाद, अ‍ॅक्टिव्हचं मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्या ब्रोकरने तर आत्ताच विचारलं होतं की टर्मिनेशनचा फॉर्म कधी भरायचा. थांबवते त्याला.

जॉर्जियाचं मग खरं आहे का? आणि लोक म्हणतात फ्लोरिडाला सोपं आहे?

टँपावाला
जॉर्जियाचं साधारण खरं आहे, ते बहुतेक राज्यांचं चालू लायसन्स मान्य करतात, लायसन्स हिस्ट्रीचं सर्टिफिकेट द्यायचं. फ्लोरिडाची गंमत वेगळी आहे. फ्लोरिडाचं म्युच्युअल रेकग्निशन, म्हणजे एकमेकांचं लायसन्स मानायचा करार, इलिनॉय, जॉर्जिया, कनेटिकट, अलाबामा अशा दहाएक राज्यांशी आहे. न्यू जर्सी त्यात नाही, टेक्सासही नाही. ज्यांचं आहे त्यांना कोर्स माफ, फक्त फ्लोरिडाच्या कायद्यावरचे ४० प्रश्न, ३० बरोबर आले की पास. आम्ही शिकागोहून आलो म्हणून बायकोला हे लागू होतं.

पण मेख अशी की अर्ज करताना तुम्ही फ्लोरिडाचे रहिवासी असून चालत नाही! म्हणजे इकडे येऊन, घर घेऊन, मुलांची नावं शाळेत घालून, सावकाश बॉक्स उघडून मग अर्ज करायला गेलात तर सवलत गेली, ६३ तासांचा कोर्स करून इथल्या माणसासारखं सगळं करा. ज्यांना यायचंय त्यांनी जुन्या राज्यात असतानाच करून घ्या. ट्रक बोलवायच्या आधी.

शंकासुर
म्हणजे शहाण्याने राहायला जायच्या आधीच रहिवासी नसल्याचा फायदा घ्यायचा. वा.

कॅरीची_कावेरी
मी जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनाला आले, त्यामुळे मेघना तुझं दुखणं कळतंय गं. इथे वेगळीच तऱ्हा. नवीन माणसाला ७५ तास, मग प्रोव्हिजनल ब्रोकर, मग १८ महिन्यांत आणखी ९० तास. आणि इथे सगळ्यांनाच ब्रोकर म्हणतात, कालच पास झालेलीलासुद्धा. माझ्या सासूबाईंनी गावभर सांगितलं सून ब्रोकर झाली.

पण मला दुसरंच सांगायचंय. लायसन्स मिळतं गं, त्याचं काय, अभ्यास केला की मिळतं. जर्सीत मला ओक ट्री रोडवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, भाजी घेताना कोणीतरी हटकायचं, अगं आमची लीज संपतेय जरा बघ ना. मंडळाच्या दिवाळीत दोन लिस्टिंग मिळायच्या. इथे आले तर मला कोण ओळखतंय? आणि मलाही काय माहीत होतं? कुठल्या रस्त्यावर सकाळी ट्रॅफिक तुंबतो, कुठल्या सबडिव्हिजनची एचओए, म्हणजे सोसायटीची कमिटी, खडूस आहे, कुठला बिल्डर शेवटची राहिलेली किरकोळ दुरुस्ती टाळतो, हे परीक्षेत विचारत नाहीत आणि गिऱ्हाईक हेच विचारतं. माझं पहिलं वर्ष जवळपास कोरडं गेलं. फीया मात्र सगळ्या भरल्या, लोकल बोर्ड, एमएलएस (एजंटांची विक्रीच्या घरांची सामायिक यादी), घरांच्या किल्ल्यांच्या लॉकबॉक्सचं अ‍ॅप, इन्शुरन्सचा वाटा. तेव्हा घरखर्च नवऱ्याच्या पगारावर चालेल अशी तयारी ठेव, लायसन्सच्या तासांपेक्षा हे मोठं आहे.

जर्सीचं लायसन्स मात्र सोडू नकोस. डील उरकली की रेफरल कंपनीकडे टाक. तिकडे तशी वेगळी सोय आहे, फक्त रेफरल द्यायचे, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटकडे पाठवायचं, घरं दाखवायची नाहीत, करार करायचे नाहीत, दर दोन वर्षांचे १२ तासही करायला लागत नाहीत. माझ्या जुन्या ओळखीतलं कोणी घर विकायला काढलं की मी तिकडच्या एजंटला देते आणि त्याच्या कमिशनचे साधारण २५ टक्के येतात. इथला जम बसेपर्यंत त्यानेच तारलं.

टेक्सासकर
कावेरीताईंना +१, पण रेफरलबद्दल थोडं वेगळं मत. टेक्सासचं लायसन्स चालू झालं की न्यू जर्सीचं नसलं तरी रेफरल फी घेता येते, एका राज्यातल्या ब्रोकरने दुसऱ्या राज्यातल्या ब्रोकरला द्यायची आणि आपल्याला आपल्या ब्रोकरकडून. मग दोन लायसन्सांची फी कशाला?

कॅरीची_कावेरी
बरोबर आहे, पण मग तुमचा टेक्सासचा ब्रोकर त्यातून स्वतःचा हिस्सा कापतो ना? नवीन एजंटचा स्प्लिट, म्हणजे कमिशनमधला वाटा, काय असतो ते तुम्हाला माहितीये. रेफरल कंपनी बरंच कमी कापते. मेघनाच्या ओळखी सगळ्या तिकडच्या आहेत, पहिली दोन-तीन वर्षं तिला तिकडूनच जास्त येणार. आणि परत जर्सीला जायची वेळ आली तर? आयटीवाल्यांचा काय भरवसा.

टेक्सासकर
हे मान्य. मग एवढंच करा की इथल्या ब्रोकरला जॉइन होतानाच सांगा की तिकडे रेफरलचं लायसन्स आहे, काहींना ते चालत नाही. टेक्सासमध्ये एका वेळी एकच स्पॉन्सर ब्रोकर असतो, दुसऱ्या राज्याचं लायसन्स ठेवायला आडकाठी नाही.

मेघना_एडिसन
आमचं जर्सीचं रिन्यूअल विषम वर्षाच्या ३० जूनला असतं, म्हणजे ठेवायला फार खर्च नाही. ठेवतेच.

आणि चालू डील? एकाचं इन्स्पेक्शन झालंय, एकाचं अजून अ‍ॅटर्नी रिव्ह्यूतच, म्हणजे वकील करार तपासतोय, आहे.

हिशेबनीस
लायसन्स तिकडच्या ब्रोकरकडे अ‍ॅक्टिव्ह आहे तोवर डॅलसमधून फोनवरून पुरी करा, न्यू जर्सीत राहायलाच हवं असं नाही. वॉक-थ्रूला, म्हणजे क्लोजिंगआधी घर शेवटचं बघायला, ऑफिसातलं कोणीतरी पाठवा आणि त्याचं काय द्यायचं ते ब्रोकरशी लेखी ठरवा, तोंडी नको. रेफरलमध्ये टाकायचं ते शेवटचं क्लोजिंग झाल्यावरच.

माझा धंदा टॅक्सचा म्हणून एक जोडतो. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक खूश होऊन येतात, पण जर्सीतल्या घरावरचं कमिशन जर्सीत केलेल्या कामाचं, टेक्सासला गेल्यावर हातात आलं म्हणून जर्सीचा टॅक्स सुटत नाही. त्या वर्षी पार्ट-इयर रिटर्न भरा, कुठल्या तारखेला कुठे होतात त्याचे कागद ठेवा. सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के तर केंद्राचा, तो कुठेही गेलात तरी मागे येतोच.

प्राची_एच४
सॉरी धागा हायजॅक करतेय, पण मी एच-४ वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या एच-१ वर आधारलेल्या व्हिसावर, आणि ईएडी, म्हणजे काम करायचं परवानगीचं कार्ड, आहे. मला हे करता येईल का? एका मैत्रिणीचा नवरा एच-१ वर आहे तो म्हणतो मीही वीकेंडला करतो, लायसन्स तर कोणीही काढू शकतं.

हिशेबनीस
ईएडी असेल तर हो, त्यावर स्वतंत्र काम चालतं आणि एजंट म्हणजे नोकर नसतो, १०९९ वर असतो, म्हणजे पगाराऐवजी स्वतंत्र काम करणाऱ्याचा टॅक्सचा फॉर्म मिळतो. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी करतायत. फक्त ईएडी संपून नवं यायच्या मधल्या काळात काम बंद ठेवायचं, क्लोजिंगची तारीख त्या खड्ड्यात येऊ देऊ नका.

मैत्रिणीच्या नवऱ्याला सांगा गप बस. एच-१ म्हणजे त्या एका कंपनीचं काम, कमिशन हे काम आहे, लायसन्स मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही. ग्रीन कार्डच्या वेळी १०९९ निघाला तर काय उत्तर देणार? ईएडी नसलेल्या एच-४ ला पण तेच. इमिग्रेशन वकिलाला विचारून मगच पुढे जा, फोरमवरच्या माणसांवर जाऊ नका, माझ्यावरसुद्धा.

सुलभा_ऑस्टिन
नावाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या बायकांचा हा हमखास घोळ. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र, ड्रायव्हिंग लायसन्सवर तेच दोन्ही फर्स्ट नेम म्हणून आलेलं, कॉलेजच्या कागदावर माहेरचं, आणि आपण फॉर्म भरताना सवयीने नुसतं मेघना आणि आडनाव लिहितो. परीक्षेच्या सेंटरवर आयडीवरचं नाव आणि बुकिंगचं नाव जुळलं नाही तर आत घेत नाहीत, फी बुडते. तेव्हा अर्ज, कोर्सचं सर्टिफिकेट, फिंगरप्रिंट, परीक्षेचं बुकिंग, चारही ठिकाणी आयडीवर आहे तस्संच, स्पेससकट. टेक्सासला पोचल्यावर ड्रायव्हिंग लायसन्स बदलायचं असतंच, ते बदलताना नाव सुटसुटीत करून घेता आलं तर आधी ते आणि मग ट्रेकचा अर्ज. आणि धंद्यात वेगळं छोटं नाव वापरायचं असेल तर ते कमिशनकडे नोंदवायला लागतं, परस्पर कार्ड छापायचं नाही.

मेघना_एडिसन
अगं बाई! माझ्या डीएलवर 'मेघना प्रशांत' एकत्रच आहे. जर्सीत मी कसं निभावलं देव जाणे.

गिऱ्हाईक
मी एजंट वगैरे नाही, साधा घर घेणारा, पण इथे एवढे एजंट जमलेत तर विचारतो. आम्ही फ्रिस्कोत घर बघत होतो, आमच्या बाईला, मराठीच होती हो, सरळ विचारलं की इथे आपली माणसं किती आहेत, तर म्हणाली ते मी सांगू शकत नाही. शाळा चांगली का विचारलं तर म्हणे वेबसाइटवर बघा. अरे मग तुला तीन टक्के कशाचे? शिवाय घर दाखवायच्या आधी करारावर सही मागितली. आम्ही दुसरा एजंट घेतला, गुजराती, त्याने पटापट सगळं सांगितलं वर कमिशनमधले अर्धे परत दिले.

टेक्सासकर
ती बाई बरोबर होती आणि तो दुसरा एक दिवस अडकणार. १९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आहे. वंश, धर्म, मूळ देश, मुलंबाळं असणं अशा गोष्टींवरून गिऱ्हाइकाला इकडे वळव तिकडे वळव असं एजंटने करायचं नाही, त्याला स्टीअरिंग म्हणतात. आपल्यातल्या आपल्यात, मराठीत, प्रेमाने विचारलं तरी तेच. 'इथे देशी खूप आहेत, तुम्हाला बरं पडेल' हे वाक्य आपल्याला आपुलकीचं वाटतं पण तपासनीस गिऱ्हाईक बनून आला तर लायसन्सवर येतं. शाळा चांगली-वाईट म्हणणं पण त्याच वाटेवर जातं म्हणून शहाणे एजंट आकडे कुठे मिळतील ते सांगून गप्प बसतात. तुम्ही स्वतः संध्याकाळी तिथे चक्कर मारा, पार्कात कोण फिरतंय ते बघा, त्याला कोणाची ना नाही.

सहीचं म्हणाल तर १७ ऑगस्ट २०२४ पासून रिअल्टर असोसिएशनच्या कोर्टातल्या सेटलमेंटमुळे देशभर तसंच आहे, एमएलएस वापरणाऱ्या एजंटने घर दाखवायच्या आधी लेखी करार करायचा, त्यात त्याची फी किती ते स्पष्ट लिहायचं. आपल्या लोकांना सही म्हटली की संशय येतो, पण फीचा आकडा आधी कळतो हा तुमचाच फायदा आहे.

कॅशबॅक टेक्सासमध्ये बेकायदा नाही, न्यू जर्सीतही अटी पाळून चालतो. पण मेघनाताई, प्रॉस्पर-सलाइना भागात नव्या बांधकामाचं मार्केट आहे आणि तिथे देशी एजंटांची कॅशबॅकची मारामारी चालते, एक म्हणतो एक टक्का परत, दुसरा दीड, तिसरा म्हणतो दोन आणि वर फ्रिज. त्यात नव्याने उतरून फक्त स्वस्त व्हायच्या नादाला लागाल तर महिन्याचं पेट्रोल सुटणार नाही.

शंकासुर
फ्रिज कुठल्या कंपनीचा देतात?

मेघना_एडिसन
@गिऱ्हाईक इथेही हेच विचारतात हो, 'ओक ट्री रोडच्या जवळ' हा कोडवर्ड आहे. मी सरळ म्हणते दुकानापासूनचं अंतर मोजून देते, माणसं तुम्ही मोजा. पूर्वाभिमुख दार विचारलं तर मात्र आनंदाने शोधून देते, दिशेला कायदा नाही.

@टेक्सासकर कामात नक्की फरक काय पडतो तेही सांगा ना. मला इथली सवय झालीय, करार झाला की तीन दिवस वकील बघतो आणि काही चुकलं तर तो सावरतो.

टेक्सासकर
तीच सवय मोडायला लागेल. इथे घरांच्या व्यवहारात सहसा वकील नसतो, टायटल कंपनी, म्हणजे मालकी तपासणारी आणि पैसे सांभाळणारी कंपनी, क्लोजिंग करते. तुमच्या अ‍ॅटर्नी रिव्ह्यूऐवजी इथे ऑप्शन पिरियड असतो. घेणारा थोडे पैसे, ऑप्शन फी, देतो आणि ठरलेल्या दिवसांत कुठल्याही कारणाने, कारण न देतासुद्धा, बाहेर पडू शकतो. किती दिवस ते दोघांनी ठरवायचं. फी आणि अर्नेस्ट मनी (बयाणा) करारापासून तीन दिवसांत टायटल कंपनीकडे पोचली पाहिजे, ऑप्शन फी वेळेत नाही पोचली तर तो हक्कच गेला. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत नोटीस. सव्वापाचला पाठवली तर उपयोग नाही. जर्सीत वकील दुसऱ्या वकिलाला फोन करून मुदत वाढवून घेतो तसं इथे गृहीत धरू नका, घड्याळ तुमच्या हातात आहे आणि चुकलं तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि ते तुमच्या नावाने खडे फोडतात.

दुसरं म्हणजे टेक्सासमध्ये घर कितीला विकलं गेलं हे सरकारदरबारी जाहीर होत नाही. तुमच्याकडे कोणीही ऑनलाइन बघतो शेजाऱ्याने कितीला घेतलं. इथे खरे आकडे एमएलएसमध्ये, म्हणजे एजंटकडे. याचा उपयोग करा, गिऱ्हाइकाला कॅशबॅकपेक्षा नीट काढलेले कॉम्प्स, म्हणजे आसपासच्या तशाच घरांचे विक्रीचे आकडे, जास्त पैसे वाचवून देतात.

तिसरं, पत्त्यावर जाऊ नका. पत्ता फ्रिस्को आहे म्हणून शाळा फ्रिस्को आयएसडीची (शाळांच्या डिस्ट्रिक्टची) असं नाही, फ्रिस्को शहराचे काही भाग प्रॉस्परमध्ये, लुईसव्हिलमध्ये, लिटल एल्ममध्ये जातात. आपली माणसं शाळेसाठी घर घेतात, तेव्हा प्रत्येक घराला डिस्ट्रिक्ट तपासायचा. तसंच मड. म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, नव्या वस्त्यांत पाणी-ड्रेनेजसाठी काढलेलं कर्ज फेडायला जादा टॅक्स. दोन सारखी घरं, रस्त्याच्या अलीकडे मड नाही, पलीकडे आहे, महिन्याच्या हप्त्यात चांगला फरक. जर्सीवाल्यांना प्रॉपर्टी टॅक्स नवा नाही, पण हे त्यांना ठाऊक नसतं, आणि तिकडून इकडे येणारी मंडळी हेच तुमचं पहिलं गिऱ्हाईक. दोन्हीकडचं कळणारा एजंट त्यांना हवाच असतो.

आणि नवरा-बायको. टेक्सास कम्युनिटी प्रॉपर्टी राज्य आहे, राहत्या घरावर नाव एकाचंच असलं तरी विकताना दुसऱ्याची सही लागते. बायको भारतात सुट्टीवर गेलीय आणि क्लोजिंग परवावर आलंय असं होऊ देऊ नका, आधीच विचारून ठेवा.

लोनवाली_शुभदा
मेघना, एक वेगळा पर्याय सांगू? मी एजंटगिरी सोडून मॉर्गेज लोन ओरिजिनेटर, म्हणजे गृहकर्ज मिळवून देणारी, झाले. २००८ च्या सेफ अ‍ॅक्टनंतर ते सगळं एनएमएलएस या देशभराच्या लायसन्स नोंदणीतून चालतं, २० तासांचा कोर्स, एक राष्ट्रीय परीक्षा, ७५ टक्के लागतात. लायसन्स दर राज्याचं वेगळंच, पण परीक्षा परत द्यावी लागत नाही, नंबर आयुष्यभर तोच, राज्याचे काही तास जास्तीचे असले तर ते करायचे आणि फी भरायची. मी एका ठिकाणी बसून चार राज्यांत काम करते. दर दोन-तीन वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीमागे हलणाऱ्यांना हे बरं पडतं. व्याजदर चढले की मात्र सामसूम असते हेही सांगते.

मेघना_एडिसन
शुभदाताई, विचार केला होता पण मला लोकांच्या घरात शिरून बघायला आवडतं गं. कागद बघत बसायचं म्हटलं की झोप येते.

तर असं ठरवलंय. आधी ट्रेकला ईमेल, उत्तर आलं की इथूनच ऑनलाइन कोर्स सुरू करते, इथलं लायसन्स अ‍ॅक्टिव्ह ठेवून तिकडचा अर्ज आणि परीक्षा, डील उरकली की रेफरल. तिकडे गेल्यावर पहिलं वर्ष एखाद्या जुन्या एजंटच्या टीममध्ये, स्प्लिट कमी मिळाला तरी. नाव मात्र आधी दुरुस्त करते. आणि डॅलसच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत अर्धं पान जाहिरात घ्यायचा विचार आहे, मैत्रीण म्हणतेय आत्ताच बुक कर, नंतर जागा राहत नाही.

टेक्सासकर
जागा बुक करा पण मजकूर देऊ नका. लायसन्स अ‍ॅक्टिव्ह व्हायच्या आधी एजंट म्हणून जाहिरात केली तर ते विनालायसन्स कामात धरतात. आणि अ‍ॅक्टिव्ह झाल्यावर सुद्धा जाहिरातीत ब्रोकरचं नाव हवं, तुमच्या संपर्काच्या माहितीत जे सगळ्यात मोठ्या अक्षरात असेल त्याच्या निदान निम्म्या आकारात. स्मरणिकावाले हौशी असतात, ते 'आपली मेघना' मोठ्ठं करून ब्रोकरला मुंगीएवढं टाकतात. प्रूफ मागून घ्या.

मेघना_एडिसन
म्हणजे माझं नाव २० मध्ये ठेवलं तर ब्रोकरचं १०?

टेक्सासकर
फोन नंबर किती मध्ये आहे?

मेघना_एडिसन
३६. आमच्या मंडळात सगळ्यांना चष्मे आहेत हो.

टेक्सासकर
मग १८.